झटका मशीन, दीड वर्ष वापरून : गेलो होतो बंदुकीच्या परवान्याला

आधीच सांगतो, हे लांबणार आहे. झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडून जनावर हाकलणारं यंत्र) कसं आहे ते सांगायला पाच मिनिटं बास, पण ते माझ्या बांधावर कसं आलं हे सांगायचं तर बंदूक, आचारसंहिता, सोयाबीनचा भाव, शेजारचे तात्या असं सगळंच मधी येतंय. ज्यांना निस्तं घ्यायचं का नाही एवढंच पाहिजे त्यांच्यासाठी : घ्या. पाचपैकी चार तारे. एक कशाचा कापला ते खाली आहे. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

आमचं रान मांजरा नदीच्या पट्ट्यातलं, सात एकर, त्यातलं पाच एकर एकाच तुकड्यात वड्याला लागून. वड्यात वेड्या बाभळी माजल्यात आणि त्या बाभळीत डुकरं. मी लहान होतो तवा रानडुक्कर दिसलं तर माणूस गावात येऊन सांगायचा, आता सोयाबीन पेरून तिसऱ्या दिवशी रानात गेलं की तासच्या तास उकरलेलं असतंय. वरून रोह्यांचा (नीलगाईंचा) कळप, दहा-बारा जनावर, एका रात्रीत अर्ध्या एकर हरभऱ्याचे शेंडे साफ. उपाय सगळे करून झाले. घरातल्या जुन्या साड्या बांधाला बांधल्या (घरची अजून एका साडीवरून बोलती), न्हाव्याकडून केस आणून बांधावर टाकले, डबडी टांगली, पाईपात कार्बाईड घालून बार काढले, एक अख्खा हंगाम मचाणावर जागल केली. बाराची डुकराला आठ दिवसात सवय झाली, जागलीची मला काय झाली नाही.

मग डोक्यात बंदूक शिरली. आमच्या आज्याकडं ठासणीची होती म्हणतात, निजामाच्या वक्ताची. रझाकाराच्या साली गावात दोनच हत्यारं होती आणि दोन्ही वेशीवर ठेवायचे असं अण्णा सांगायचे, पुढं पोलीस ॲक्शननंतर आज्याची जमा झाली ती झालीच, परत कुणी मागितली नाही आणि कुणी दिली नाही.

२०२३ च्या दिवाळीनंतर अर्ज केला, पीक संरक्षणासाठी म्हणून. मी काय हवेत गेलो नव्हतो, कायदा वाचून गेलो होतो. १९५९ चा शस्त्र कायदा, त्याच्या कलम १३ मधी पीक संरक्षण हा शब्द चक्क लिहिलेला आहे, खऱ्या कारणासाठी मागितली तर ठासणीची बंदूक, आणि ती पुरत नसली तर दुसरी बिनआट्याच्या (आतून गुळगुळीत) नळीची देता येती. कलम १४ मधी तर असंही आहे की माणसाकडं पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणानं परवाना नाकारायचा नाही. लई चांगला कायदा आहे वाचायला.

खिडकीवर वेगळाच कायदा होता. कोणती कचेरी ते लिहीत नाही, आपल्याला अजून तिथंच जायचंय. सातबारा द्या, आठ-अ द्या, दिला. तीन वर्षाचं इन्कम टॅक्स रिटर्न द्या. म्हणलं साहेब शेतीच्या उत्पन्नाला इन्कम टॅक्सच नाही तर रिटर्न कुठलं आणू. बरं मग तुमच्यावर हल्ला झालाय का, धमकी आलीय का, एफआयआर असला तर जोडा. म्हणलं डुकरानं धमकी दिली नाही, डायरेक्ट खाल्लं. हसला बिचारा, पण फाईलीवर त्रुटी मारलीच. त्रुटी पूर्ण करून परत गेलो तर दुसरी त्रुटी. तिसऱ्या खेपेला गेलो तोवर १६ मार्च २०२४ उजाडली, लोकसभेची आचारसंहिता. आता जूननंतर या.

गावात एकाकडं वाडवडलाची बारा बोअर आहे, रीतसर परवाना, कधी एक तक्रार नाही, त्यांना पण ती ठाण्यात नेऊन जमा करावी लागली. लोकसभेला जमा, सोडवून आणली, ऑक्टोबरात विधानसभेची लागली, परत जमा. म्हणजे ऐन सोयाबीन काढणीच्या टायमाला बंदूक ठाण्यात आणि डुकरं रानात. डुकराला आचारसंहिता लागू नाही.

तर जून २०२४, पेरणी तोंडावर, बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलो. एकाच रस्त्यावर समोरासमोर तीन दुकानं झटका मशीनची, चार वर्षापूर्वी एक पण नव्हतं. मधल्या दुकानात शिरलो. दुकानदारानं दोनच प्रश्न विचारले, किती एकर आणि जनावर कोणतं. बास. तुमचं चारित्र्य कसंय, तुम्हाला खरंच गरज आहे का, तुमच्या गावच्या पोलीस पाटलाचं काय म्हणणं आहे, काही नाही. समोरच्या दुकानात पाचशेनं कमी सांगितलंय म्हणलं तर यानं पण तीनशे सोडले आणि शंभर इन्सुलेटर वर टाकले. अर्ध्या तासात मशीन पिशवीत. गाडीवर बसताना मला तेच टोचायला लागलं की एका खिडकीवर सात महिने ‘का पाहिजे’ आणि दुसऱ्या खिडकीवर अर्ध्या तासात ‘किती पाहिजे’. माझा सगळा रिव्ह्यू म्हणलं तर ह्या दोन प्रश्नांचाच आहे.

आता पैशाचं. मशीन ५,८००, बॅटरी २,९००, चाळीस वॅटची सोलर प्लेट २,२००, म्हणजे किट झालं १०,९०० ला. जीआय तार त्रेचाळीस किलो लागली, नव्वदच्या भावानं ३,८७०. इन्सुलेटर दीड हजाराचे, बांबू एकशे सत्तावीस ते पाच हजारांच्या वर गेले, कोपऱ्याला लोखंडी अँगल २,८००. मजुरी घरचीच. चोवीस हजार धरून चाला पाच एकराला. ह्यात बॅटरीवर तवा २८ टक्के जीएसटी होता आणि तो शेतकऱ्यानं भरला की भरला, व्यापाऱ्याला पुढं क्रेडिट (भरलेल्या टॅक्सची वजावट) मिळतंय, आपली जीएसटीत नोंदणीच नाही म्हणून आपल्याला क्रेडिट कुठलं मिळतंय. लोक म्हणतात शेतकरी टॅक्स भरत नाही. माझ्या बांधावर येऊन बघा म्हणावं, तारंतारंवर भरलाय.

गमतीची गोष्ट अशी की त्याच दुकानात मी सहज विचारलं अनुदानावर पडतंय का. पडतंय की, म्हणला, कोटेशन देतो. कोटेशन किती? वीस हजार. अहो आत्ता तर १०,९०० म्हणला की ह्याच किटला! तर म्हणतो कसा, काका ते रोखीचं, हे योजनेचं. योजनेचा माल वेगळा येतो का? नाही, माल तोच. म्हणजे कागद गोळा करायचे, ऑनलाईन भरायचं, लॉटरीची वाट बघायची, पदरचे आधी घालायचे, आणि एवढं करून जे अनुदान हातात पडणार त्यातलं बरंचसं ह्या वाढीव कोटेशनातच जिरणार. दुकानदाराला मी दोष देत नाही, पैसे कधी येतील हे त्याला पण माहीत नसतंय, तो रिस्क लावणारच. पण आमच्या पिढीनं शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून ‘भीक नको हवे घामाचे दाम’ म्हणलेलं आहे आणि त्या घोषणेचा अर्थ मला खरा कळला तो ह्या दुकानाच्या काउंटरवर. रोख मोजून आलो.

मशीन काम कसं करतंय ते थोडक्यात, कारण ह्यावर लई गैरसमज आहेत. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतंय, आत ट्रान्सफॉर्मर आणि कार्ड (सर्किटची पट्टी) असतंय, ते दर सेकंदा-सव्वा सेकंदाला आठ-दहा हजार व्होल्टचा एक ठोका तारेत सोडतंय. व्होल्ट ऐकून घाबरू नका, ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा पण टिकत नाही, जनावराला हिसका बसतो आणि ते पळतंय, मरत नाही. मी स्वतः तीनदा खाल्लाय, एकदा ओल्या पायानं, त्या दिवशी मला माझे सगळे आप्त आठवले, पण उठून घरी आलो. उलट लाईनीचा आकडा टाकून डायरेक्ट दोनशे तीस व्होल्ट कुंपणात सोडणारे गावोगाव आहेत, त्यात जनावर तर मरतंयच, पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारी पण मरतोय, आणि मग गुन्हा. तसलं चुकून करू नका. मी मोकळ्या बाजाराचा माणूस आहे, पण दुसऱ्याचा जीव घ्यायची मोकळीक कुठल्याच बाजारात नाही.

अर्थिंगवर सगळं अवलंबून. दुकानदारानं एक फुटाचा खिळा दिला होता अर्थिंग म्हणून, तो फेकून द्या. साडेतीन-चार फुटी तीन रॉड ठोका, मधी अंतर सोडून, उन्हाळ्यात त्यावर पाणी वता, कारण भुई वाळली की झटका बसत नाही, डुक्कर तारेला नाक लावून निवांत उभं राहतंय. खालची तार आठ-नऊ इंचावर घ्या नाहीतर डुक्कर बुडातनं घुसतंय, वरची रोह्याच्या छातीला पाहिजे. आणि गवत! पावसाळ्यात गवत तारेला लागलं की सगळा करंट जमिनीत. दर पंधरा दिवसाला तारेखालचं गवत काढायचं म्हणजे काढायचं. वानराला आणि पाखराला ह्याचा उपयोग शून्य. वानर बांबूवर बसून तुमच्याकडं बघतंय.

आता मुद्द्याचं, फरक पडला का. पडला. २०२४ च्या खरिपात त्या पाच एकरात बेचाळीस क्विंटल सोयाबीन झालं, आदल्या वर्षी डुकरानं दोन एकर नावाला पण ठेवलं नव्हतं. मशीननं आपलं काम केलं. पुढचं काम मशीनच्या हातात नव्हतं. हमीभाव त्या वर्षी ४,८९२. लातूरला घेऊन गेलो, मला मिळाले ४,१५०. खरेदी केंद्रावर जावं तर ओलाव्याची अट बारा टक्क्याची, ती सरकारनं नोव्हेंबरात पंधरा केली तोवर माझा माल विकून झालता, उधारी दारात उभी होती. बेचाळीस क्विंटलला सातशे बेचाळीसचा फरक, करा हिशेब, एकतीस हजारांच्या वर. कुंपण चोवीस हजाराचं. डुक्कर परवडलं असतं म्हणायची पाळी.

इथं लोक मला पकडतात. तात्या तर रोज पकडतात, एकीकडं म्हणतो सरकार नको आणि दुसरीकडं हमीभावाचा फरक मोजतो. बरोबर आहे त्यांचं. पण मी हमीभाव मागत नाहीच, मी मागच्या पाच वर्षात जे झालं ते सांगतो. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन दहा हजाराला टेकलं होतं, लातुरात अडतीवर लोक स्वतःच्या कानावर विश्वास ठेवत नव्हते. कुणी वाढवलं होतं? कुणी नाही, बाजारानं. लगेच ऑगस्टात बारा लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी, तीही जीएम (जनुक बदललेल्या) सोयाबीनची. ऑक्टोबरात तेल-तेलबियांवर साठ्याची मर्यादा. २० डिसेंबरला सोयाबीन, हरभरा, मोहरी, मूग धरून सात मालांचे वायदे (पुढच्या भावाचे आधीच होणारे सौदे) बंद, एक वर्षासाठी म्हणून, आणि मग मुदत वाढवत वाढवत २०२५ पण तसंच गेलं. भाव चढला की सरकारचं सगळं जागेवर असतंय, कायदा, आदेश, बोट, बंदर. भाव पडला की केंद्रावर बारदाना नसतो.

आणि जीएमचं तर मला हसू येतंय. जीएम सोयाबीनची पेंड आणून कोंबड्याला घातलेली चालते, त्याच सोयाबीनचं बी मी पेरायचं म्हणलं तर परवानगी नाही. आयातीला माझा विरोध नाही हो, येऊ द्या, ब्राझीलचं येऊ द्या, अर्जेंटिनाचं येऊ द्या, शेतकरी संघटनेचे शरद जोशी आयुष्यभर हेच सांगत होते की खुल्या बाजाराला शेतकरी भीत नाही, हात बांधून कुस्तीला उतरवू नका एवढंच. पण त्यांच्या शेतकऱ्याला जे बी मिळतंय ते मला मिळू द्या, त्यांच्यासारखा वायदा बघून पेरायचं का नाही ठरवू द्या. वाटाण्याचं बघा, ८ डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणा बिनशुल्क, हरभरा झोपला, १ नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के शुल्क. तेलाचं तसंच, सप्टेंबर २०२४ मधी कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क वीस टक्क्यावर नेलं, मे २०२५ अखेर परत दहावर आणलं. पेरताना एक नियम आणि काढताना दुसरा. एक शुल्क लावा नाहीतर शून्य लावा, पण लावलं की पाच वर्ष हात लावू नका, मग मी तक्रार करणार नाही. असं सारखं खालीवर होण्यापेक्षा डुक्कर बरं, ते निदान रोज एकाच वड्यातनं येतंय.

अंबाजोगाईच्या अमर हबीब यांचं किसानपुत्र आंदोलन आहे, ते सीलिंग (जमीन बाळगायची कमाल मर्यादा), आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे तीन कायदे रद्द करा म्हणतात. मला ते पटतंय, विशेषतः आवश्यक वस्तूचं. कोरडवाहूला चोपन्न एकराची सीलिंग आमच्या गावात आता कुणाला आडवी येत नाही, वाटण्या होऊन होऊन सगळे पाच-सातावर आलेत, पण तत्त्व म्हणून विचारा की कारखान्याला सीलिंग नाही, दुकानाला नाही, मलाच का.

असो, मशीनवर येतो. मशीननं माझ्या तत्त्वज्ञानाला पण एक झटका दिला, तो सांगायलाच पाहिजे. माझं कुंपण झाल्यावर डुकरं मेली नाहीत, पोट त्यांना आहेच, ती सरळ तात्याच्या रानात गेली. पंधरा दिवसात तात्या दारात. ‘तुझी डुकरं माझं सोयाबीन खायलालेत’ म्हणले. म्हणलं तात्या माझी कशी, मी काय पाळलेत का. ‘तू हाकललीस म्हणून माझ्याकडं आली.’ आता ह्याला उत्तर काय. कायद्याचं बघितलं तर त्यात अजून गंमत, जंगली जनावर जित्तं असताना नुकसानीला कुणीच मालक नसतो, पण वन्यजीव कायद्याखाली परवानगी काढून मारलं की मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता. पीक खाताना बेवारस, मेल्यावर सरकारी.

तात्या म्हणले ग्रामपंचायतीत ठराव घेऊ, सरकारनं सगळ्या गावाला कुंपण घालावं. म्हणलं घ्या ठराव, तोवर बसून हिशेब करू. आमचं एक, तात्याचं एक आणि वड्याकडंची अजून दोन, चारही तुकडे पाच-पाच एकराचे आणि एकमेकाला लागून. प्रत्येकानं वेगळं कुंपण घातलं तर प्रत्येकी साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर, चौघाचं मिळून तेवीसशेच्या आसपास. चारही रानं एक धरून निस्त्या बाहेरच्या कडेनं फिरलं तर अकराशे-साडेअकराशे. तार निम्मी, बांबू निम्मे आणि मशीन एकच, मशीन वीस एकराला पुरतंय. पुतण्यानं पुण्याहून फोनवर हिशेब करून दिला आणि वर म्हणला काका ह्यालाच अर्थशास्त्रात मोठं नाव आहे. असेल. चौघं बांधावर बसलो, भांडण दोनदा झालं, एकदा तात्या उठून गेले, रात्री परत आले. ठरलं असं की मशीन माझं, तार-बांबू वाढीव लागतील ते तिघांचे, माझ्या आतल्या दोन बाजूची तार काढून बाहेर वापरायची त्याचे मला पैसे, गवत आळीपाळीनं. वहीवर लिहून चौघाच्या सह्या. ना शिक्का ना साक्षीदार ना योजना. गवताच्या पाळीवरून अजून कुरकुर आहे, तात्या दर वेळी दोन दिवस उशीर करतात, पण चाललंय.

बंदुकीवरचं माझं मत ह्यामुळं बदललं का, असं विचारतात. अर्धं बदललं. हा पुतण्या मला अमेरिकेचे व्हिडिओ पाठवतो. त्यांच्या घटनेत १७९१ पासून दुसरी दुरुस्ती आहे, शस्त्र बाळगायचा हक्क, आणि २०२२ मधी न्यूयॉर्कच्या केसमधी तिथल्या सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीन असं सांगितलं की बाहेर बंदूक बाळगायला ‘तुम्हाला खास गरज आहे हे दाखवा’ अशी अट सरकारला घालता येत नाही. ते वाचताना मला माझी खिडकीच आठवली. आपल्याकडं पण काय हा विषय परका नाही, १८७८ चा इंग्रजाचा शस्त्र कायदा लोकांना इतका झोंबला होता की १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात मूलभूत हक्काच्या यादीत नियमाच्या अधीन राहून शस्त्र बाळगायचा हक्क होता. स्वराज्य आलं, यादी घटनेत आली, तेवढं कलम वाटंत कुठंतरी राहिलं. वर १९८० च्या दशकात बाहेरून बंदुका आणायला बंदी, त्यामुळं आज्याच्या जमान्यातली विलायती बंदूक आज लाखात विकली जाती, म्हणजे इथं पण परत तेच, आयात बंद, परवाना हातात, आणि भाव आभाळात. २०१९ च्या दुरुस्तीनं माणशी तीनच्या दोन केल्या, परवान्याची मुदत मात्र तीनची पाच वर्ष केली तेवढं बरं केलं.

पण शेजारचं बीड विसरून कसं चालंल. २०२४-२५ च्या हिवाळ्यात बीड जिल्ह्यात हजाराच्या वर परवाने असल्याचं बाहेर आलं आणि लग्नात, वाढदिवसाला हवेत बार काढतानाचे व्हिडिओ फिरले, मग प्रशासनानं त्यातले कितीतरी रद्द केले. तात्या मला तो व्हिडिओ दाखवून म्हणले, ‘हेच पाहिजे का तुला?’ नाही पाहिजे. पण मी तात्याला उलट विचारलं की तात्या, एवढी कडक खिडकी असताना त्यांना मिळाले कसे? मला डुकराचा एफआयआर मागणारी पद्धत त्यांना काय मागत होती? खिडकी ज्याच्या ओळखीची त्याला बंदूक आणि ज्याची सातबाऱ्याशिवाय ओळख नाही त्याला त्रुटी. नियम साधा करा, गुन्हा नसलेला, डोकं ठिकाणावर असलेला, चालवायला शिकलेला माणूस, त्याला ठरलेल्या दिवसात द्या, आणि हवेत बार काढला की त्याच दिवशी काढून घ्या. तात्या ह्यावर काय बोलले नाहीत, तंबाखू मळत बसले. पटलं असं नाही, तंबाखू मळायची होती.

आणि खरं सांगायचं तर बंदुकीनं डुक्कर संपतंय हे पण खरं नाही. टेक्सासमधी २०१९ पासून खाजगी रानात मालकाची परवानगी असली की डुक्कर मारायला शिकारीचं लायसन पण लागत नाही, तिथं हेलिकॉप्टरमधनं डुकरं मारायला कायद्यानं परवानगी आहे, खरंच, चेष्टा नाही, आणि तरी डुकरं आहेतच. मी तर रात्री चष्मा लावून दोनशे फुटावरचं ओळखत नाही. माझ्या हातात बंदूक असती तर मी जागलच करत बसलो असतो, मशीन असल्यामुळं मी घरी झोपतो. हे कबूल आहे. फक्त ते मी ठरवायला पाहिजे होतं, त्रुटीनं नाही.

आता एक तारा कशाचा कापला. पहिल्या पावसाळ्यात वीज कडाडली आणि कार्ड उडालं. वीज पडायच्या आधी लायटनिंग अरेस्टर (वीज जमिनीत उतरवणारा) लावा हे दुकानदारानं सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही, वर म्हणला विजेला वॉरंटी नाही. चार दिवस मशीन दुरुस्तीला, आठशे रुपये, त्या चार दिवसात दीड एकर गेलं. म्हणजे ते बेचाळीस क्विंटल साठ झाले असते. समोरच्या दुकानवाल्याला हे सांगितलं तर तो आता अरेस्टर फुकट लावून देतोय, मधल्यानं पण सुरू केलंय. माझ्या दीड एकराच्या जिवावर तालुक्याचं भलं झालं.

सप्टेंबर २०२५ च्या पुरानं वड्याकडची सगळी बाजू नेली, बांबू तारंसकट मांजरेत गेले असतील, सोयाबीन तर काय सगळ्या मराठवाड्याचंच पाण्यात होतं. मशीन मचाणावर होतं म्हणून वाचलं, खाली ठेवलेली बॅटरी बुडाली. नवी घेतली, तोवर जीएसटी २८ चा १८ झाला होता, तेवढा एक दिलासा. सोलर प्लेटवरचा पण कमी झालाय. नवीन घेणाऱ्यानं बिल बघून घ्या, जुन्या दरानं लावलं असलं तर बोला.

घेताना सायरनवालं मॉडेल घ्या, तार तुटली की वाजतंय. पाटी लावा, रात्री दिसंल अशी, शाळेची पोरं वाटंनं जात असतील तर दिवसा बंद ठेवा. कार्ड जाग्यावर दुरुस्त होतंय का विचारूनच पैसे द्या.

माझ्या फाईलीचं म्हणाल तर मागच्या आठवड्यात फोन आला होता, त्रुटी पूर्तता केली नाही म्हणून अर्ज निकाली काढायचा का विचारत होते. म्हणलं थांबा, येतो. कधी जायचं ते बघू, आज गवताची पाळी माझी आहे.